धुराचें मोल कोणीं द्यावें?

कोणत्याहि नव्या कराचें नांव निघालें कीं आपल्या सुशिक्षित मंडळींस गरिबांचा कळवळा येतो. कोळशावर कर बसला तर वीज महाग होईल, मग गरिबानें काय करावें, असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. धुराचें मोल आजहि कोणी तरी देतच आहे. चंद्रपूरच्या भट्ट्यांत जळणाऱ्या कोळशाच्या विजेवर आमचे दिवाणखाने थंड होतात; त्या कर्बवायूनें वाढणारें ऊन मात्र, ज्याच्या घरीं पंखाहि नाहीं, त्याच्या डोक्यावर तापतें.

केंब्रिजचे प्रोफेसर पिगू यांनीं १९२० सालींच सांगून ठेविलें आहे कीं, कारखानदाराच्या हिशेबांत न येणारें जें नुकसान लोकांच्या माथीं बसतें, तें कररूपानें त्याच्याच खातीं मांडावें. यांत गरिबांचा द्वेष कोठें आहे?

आपल्या सरकारनें हें तत्त्व मानलें, पण पाळलें नाहीं. २०१० सालीं कोळशाच्या दर टनास ५० रुपये उपकर बसला. २०१६ सालीं तो ४०० रुपये झाला. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठीं जावयाचा होता. त्यांतील मोठा भाग त्या कामीं लागलाच नाहीं; २०१७ नंतर तर तो राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळविला गेला. सप्टेंबर २०२५ मध्यें हा उपकरहि उठला, आणि कोळशावरील वस्तु व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. पूर्वीचा आकार वजनावर होता, आतांचा किंमतीवर आहे. हलका कोळसा तेवढ्याच विजेसाठीं अधिक जाळावा लागतो. त्याच्यावरचाच भार आतां हलका झाला! धुराच्या कराचें याहून मोठें विडंबन तें कोणतें?

नियमनाचीहि तीच गत. २०२३ च्या कर्ब-पत व्यापार योजनेंत उद्योगांस घातलेली मर्यादा दर टन मालामागें आहे. माल वाढला तर एकूण धूर वाढावयास मोकळीक आहेच.

गरिबांच्या कैवाऱ्यांनीं कर नको म्हणण्याऐवजीं कराचा पैसा परत मागावा. कॅनडानें २०१९ पासून अनेक प्रांतांत बहुतेक रक्कम कुटुंबांस परत दिली. पण कर पंपावर रोज दिसे, परतावा लोकांच्या ध्यानांत राहत नसे, आणि २०२५ सालीं सामान्य ग्राहकांवरील तो कर उठला. म्हणून परतावा गरिबाच्या विजेच्या बिलांतच, ठळक अक्षरांत, वजा झालेला दिसला पाहिजे.

गरिबांचें नांव पुढें करून आपला धूर फुकट सोडणें हा परोपकार नव्हे. ती उधारी आहे. आणि ती ज्याच्या नांवें मांडली जाते, त्यास कोणीं विचारलेलेंहि नाहीं.