'तसलं' काही नाही ना?

फर्स्ट इयरला ॲडमिशन घेताना मेडिकलचा फॉर्म भरला होता, आठवतोय? 'कुटुंबात कोणाला गंभीर आजार?' या प्रश्नापुढे मी बिनधास्त 'नाही' लिहून मोकळा झालो. आजी माझ्या जन्माआधीच 'पोटाच्या दुखण्यानं' गेली आणि आत्याची 'छोटीशी गाठ' काढली, एवढंच मला ठाऊक. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारतच नाही!

गेल्या भाऊबीजेला आत्याकडे गेलो होतो. विम्याचे कागद शोधताना तिची फाईल हाती लागली. आत्याला ४२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, आणि आजीला होता तो अंडाशयाचा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हळू बोल. ताईचं बघायचंय अजून."

म्हणजे सगळी लपवाछपवी स्थळांसाठी. पाहुणे विचारतात ना, "घराण्यात तसलं काही नाही ना?" आपण मान हलवायची, की झालं!

बाबांचं म्हणणं, हा बायकांचा आजार, आपल्या बाजूनं ताईला कुठून येणार? मलाही ते पटलं असतं, पण मग मी जरा वाचलं. मेरी-क्लेअर किंग या संशोधिकेनं १९९० मध्ये दाखवलं की काही घराण्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरचं मूळ १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. तेच बीआरसीए-१. त्यात दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. आणि हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. बाबांमध्ये तो असेल, तर ताईला निम्मी शक्यता आणि मलाही निम्मीच. तेव्हा मुलांनो, हे पान उलटू नका.

उगाच घाबरायचंही कारण नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कोणाला तो झालेला नसतो. आणि वेळेवर तपासणीनं फरक पडतो, याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून अभ्यास केला. मोठं यंत्र नाही, काही नाही. एका गटातल्या स्त्रियांना प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी! पण आमच्या घरात पन्नाशीची वाट बघून कसं चालेल? आत्या ४२ ची होती. कोणाला, कोणता, कितव्या वर्षी, हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी तपासणी कधी सुरू करायची ते कसं सांगणार? मोडलेलं स्थळ पुन्हा जुळतं हो, गेलेली वर्षं कुठून आणायची?

डॉक्टर म्हणाले, जनुकाची तपासणी आधी जिला आजार झाला तिची करा. मी भीत भीत आत्याला फोन लावला. ती रागावेल असं वाटलं होतं. म्हणाली, "इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नाही रे!" आणि मग पाऊण तास बोलत होती. आजीचं सगळं तिनंच केलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

तिचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट यायचाय. पुढच्या महिन्यात ताईला बघायला पाहुणे येणार आहेत, आणि त्यांना आपणच सांगायचं असं तिनं ठरवलंय. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. काल मात्र त्यांनी मला फोनवर विचारलं, "ती तपासणी पुरुषांचीही होते म्हणालास ना?"