आईकडून आलं म्हणे!

दादाच्या मेडिकलच्या कागदावर एकच शब्द कामाचा होता: अनफिट. असिस्टंट लोको पायलट व्हायचं म्हणून त्यानं नांदेडला खोली करून चार वर्षं अभ्यास केला. परीक्षेचे सगळे टप्पे पार झाले आणि शेवटी ठिपक्यांच्या चित्रातला आकडा काही त्याला दिसला नाही.

आमचं गाव चुडावा, पूर्णा-नांदेड लाइनवरचं. शेजारी पूर्णा जंक्शन. इथं पोराला रेल्वेत नोकरी लागली की दोन पिढ्या सुटल्या, असा हिशेब.

रेल्वेशी माझं भांडण नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकानं रंगीत लोकरीचे धागे निवडायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांचे डोळे तपासायला सुरुवात केली. लाल-हिरव्याचा घोळ होणाऱ्याच्या हाती इंजिन देऊ नये, हे मला मान्य आहे. माझं भांडण आमच्या ओसरीवर बसलेल्या बैठकीशी आहे.

डॉक्टर म्हणाले होते, "हे आईकडून येतं." तेवढंच वाक्य घरी पोचलं. आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे वैनीच्या माहेरचं." आई खाली मान घालून चहाचे कप उचलत राहिली.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. लाल-हिरव्या रंगांधळेपणाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाप मुलाला वाय देतो, म्हणून मुलाचा एक्स आईचाच असतो. तो सदोष निघाला तर त्याच्याकडे दुसरा नाही. मुलीकडे असतो, आणि तो बहुधा सांभाळून घेतो. म्हणूनच युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारा पुरुषांमागे एक रंगांधळा, तर बायकांमध्ये दोनशेत एक. आपल्याकडच्या पुरुषांत प्रमाण त्याहून कमी आहे.

पण आईनं हे काही बाजारातून विकत आणलं नव्हतं. तिच्या आईकडून आलं, आजीला तिच्या आईकडून किंवा बापाकडून. खापर फोडायला किती पिढ्या उकरायच्या? आणि आईचा सख्खा भाऊ, आमचा मामा? लाल मिरच्या तोडायला पाठवलं तर तो हिरव्यांनीच पाटी भरून आणतो. हा किस्सा प्रत्येक लग्नात हसत हसत सांगितला जातो. त्याला कोणी दोष म्हटलेलं मी ऐकलं नाही. ज्याला खरंच दिसत नाही त्याची गंमत, आणि जिचे डोळे ठणठणीत आहेत ती गुन्हेगार!

त्याच बैठकीत आत्यानं माझी सोयरीक मोडली. लहानपणापासून मला सून करून न्यायचं म्हणत होती. आता म्हणे, "हिच्या पोटी पण तसंच निघालं तर?" ठीक आहे, हिशेब करू. आईचा सदोष एक्स माझ्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. आला असेल तर माझ्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे आज पाहिलं तर चारात एक. आत्याच्या मुलाला रंग नीट दिसतात, त्यामुळे मुलींना हा त्रास होण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच.

आणि पुढच्या दहा मिनिटांत याच मंडळींनी दादासाठी मामाची मुलगी पक्की केली! "नोकरी नाही तर नाही, घरातली पोरगी आहे." मामाकडे एकच एक्स, तोही सदोष. तोच त्याच्या मुलीकडे जाणार, म्हणजे ती शंभर टक्के वाहक. दादा स्वतः रंगांधळा. त्यांच्या मुलांनाच काय, मुलींनासुद्धा निम्मी शक्यता. यावर कोणी चकार शब्द काढला नाही. रंगांधळेपणासाठी लग्न मोडा असं मी म्हणत नाही, ते काही दुर्धर दुखणं नव्हे. (नात्यात लग्न न करण्याची याहून गंभीर कारणं आहेत, ती वेगळी.) मी फक्त एवढंच विचारलं, की विज्ञान माझ्याच लग्नाच्या वेळी कसं आठवलं?

रागच धरायचा तर वाया गेलेल्या त्या चार वर्षांचा धरा. इशिहाराचं ठिपक्यांचं पुस्तक १९१७ सालचं. तपासणीला काही मिनिटं लागतात. शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत दृष्टिदोष आहे, रंगांधळेपण नाही. पाचवीत कळलं असतं तर दादानं दुसरी वाट धरली असती. वाटा आहेत. रंगांधळेपणामुळे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये निकाल दिला. सौम्य ते मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना २०२० पासून गाडी चालवण्याचा परवानाही मिळू शकतो. पण चोविसाव्या वर्षी, फी भरून, खोलीभाडं भरून हे कळलं तर वाट बदलायला उरतं काय?

उठायच्या आधी मी मोबाइलवर तसलंच एक चित्र काढलं. मोबाइलवरची तपासणी पक्की धरत नाहीत, पण मला ती ओसरीपुरतीच हवी होती. मामानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, "नुसते ठिपके तर हायेत." दादाचंही तेच. मोबाइल हातोहात फिरत आईकडे आला.

"चौऱ्याहत्तर," आई म्हणाली, आणि मोबाइल आत्याच्या हातात दिला.