डोंगरकथा म्हणजे नुसतं धुकं नव्हे



डोंगरातल्या कथा म्हणजे धुकं, देवदार आणि वाफाळता चहा, असा निकाल गेल्या अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे. त्यातही रस्किन बाँड यांचं नाव पुढे केलं, म्हणून हा खुलासा.

‘डस्ट ऑन द माउंटन’ ही त्यांची कथा पत्रलेखकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. हिवाळा कोरडा जातो, शेतं उघडी पडतात आणि बिस्नू नावाचा पोरगा कमाईसाठी मसुरीला येतो. आधी चहाच्या टपरीवर, मग चुनखडीच्या खाणीत, ट्रकवर क्लीनर म्हणून. सुरुंगांनी पोखरलेला डोंगर आणि झाडांवर बसलेली धूळ! यात पत्रलेखक म्हणतात ते ‘सुट्टीतलं साहित्य’ कुठे आलं? दून खोऱ्यातल्या अशाच खाणींपैकी अनेक बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 1985 मध्ये द्यावा लागला होता.

‘द ब्लू अम्ब्रेला’चंही तेच. छत्री देखणी आहे खरी, पण कथा चालते ती दुकानदार राम भरोसाच्या हावेवर आणि पुढे गावाने त्याच्या दुकानाकडे फिरवलेल्या पाठीवर. वस्ती लहान, दुकानं मोजकी. गावाने तोंड फिरवलं की माणूस जाणार कुठे? लघुकथेला लागणारी कोंडी डोंगर आयती पुरवतो, ती अशी.

धुक्यावर जगणाऱ्या कथा आहेत, नाही असं नाही. पण त्यांचा राग बाँड यांच्यावर कशाला? पत्रलेखकांनी या दोन कथा वाचाव्यात आणि मग पुन्हा अवश्य लिहावं.

— एक वाचक, सातारा