तेच विष, तीच बेपर्वाई

साध्या खोकल्यासाठी दिलेल्या औषधाने मुलाची मूत्रपिंडेच निकामी व्हावीत, याहून दारुण गोष्ट कोणती? मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच घडले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारार्थ नागपुरास आणले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य शेकडा ४८.६ इतके आढळले. ते शेकडा ०.१ हून अधिक असता कामा नये, असा दंडक आहे.

हे द्रव्य कारखान्यांतील कामाचे, स्वस्त आणि चवीला गोड. औषधी ग्लिसरीनसारखेच दिसत असल्याने ते डोळ्यांनी ओळखू येत नाही. पोटात गेल्यावर त्यापासून बनणारे आम्ल मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका नष्ट करते. मुलास उलट्या होतात, लघवी थांबते आणि आईबापांना धोका उमगेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

हे संकट अनपेक्षित होते, असे म्हणण्याची सोय कोणासही नाही. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभरांवर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आमच्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९८६ च्या आरंभी भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनातील अनागोंदीची लक्तरे वेशीवर टांगली. त्या अहवालापासून आपण काय शिकलो?

छिंदवाड्याच्या घटनेनंतर अटका झाल्या, कारखान्याचा परवानाही रद्द झाला. ते योग्यच झाले. परंतु मृत्यूनंतरची शिक्षा म्हणजे संरक्षण नव्हे. औषधात पडणाऱ्या द्रवाचे प्रत्येक पिंप वापरापूर्वी तपासले गेले पाहिजे. ही तपासणी खरोखर होते की केवळ कागदावर उरते, हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. त्यासाठी पुरेसे निरीक्षक व सुसज्ज प्रयोगशाळा हव्यात आणि तपासणीचे निष्कर्ष जनतेपुढे मांडले गेले पाहिजेत.

पालकांनाही आमचे सांगणे आहे : लहानग्यांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्यांना औषध पाजू नये. मात्र बाटलीत काय आहे, हे पारखण्याचे साधन पालकांपाशी नाही. ते शासनापाशी आहे. म्हणूनच ही जबाबदारी शासनाला अन्य कोणावरही ढकलता येणार नाही.