आमच्या शाखेच्या साड्या

बीड जिल्ह्यातल्या एका महिला मंडळाच्या चिटणीसबाईंचं पत्र आलं आहे. मंडळाच्या शाखा तालुक्या-तालुक्याला आहेत. त्या लिहितात, "ताई, गेवराईच्या कपाटात साठ-सत्तर साड्या पडून आहेत आणि धारूरच्या भगिनी साड्या मागताहेत. पण गेवराईकर म्हणतात, दारोदार आम्ही फिरलो, तेव्हा वाटणारही आम्हीच! इकडे माजलगावला तीन पोती गव्हाला किडे लागले. काय करावं?"

मैत्रिणींनो, हे भांडण एकट्या गेवराईचं नाही बरं का! जिथं जिथं मंडळाला चार शाखा, तिथं तिथं ते आहेच. म्हणून आधी एक ठराव करून टाका. वस्तू वहीत नोंदली की ती मंडळाची झाली, शाखेची राहिली नाही. मात्र नुसता ठराव करून मनं जुळत नाहीत. साड्या धारूरला पाठवाल तेव्हा त्यांच्याबरोबर गेवराईच्या दोघीजणींना पाठवा. आपल्या हातानं दिल्याचं समाधान त्यांना मिळायलाच हवं. उन्हातान्हात फिरल्या त्या!

आता जरा कडू बोलते. आपल्या घरात जुन्या कपड्यांची वाटणी कशी होते? बऱ्यापैकी असतील ते बोहारणीला देऊन आपण स्टीलचं पातेलं घेतो. तिनं नाकारलेले उरतात, ते दानाच्या गाठोड्यात! बटण तुटलेला सदरा, चेन बिघडलेली पँट, परकराशिवाय साडी. घेणारीला मग दुकानात जाऊन परकर विकत घ्यावा लागतो. हे कसलं दान?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. हजारो माणसं झोपेतच गेली. देशभरातून मदतीचे ट्रक आले, माणुसकीला तोटा नव्हता. पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते, आणि पुष्कळसे कुणाच्या अंगाला न लागता वाया गेले. खेड्यातली वयस्क बाई नऊवारी नेसणारी, तिनं गुळगुळीत पाचवारी घेऊन काय करावं? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत पुन्हा तेच झालं. तिथले टाकून दिलेले कपडे 'गूंज' ह्या दिल्लीच्या संस्थेनं उचलले, निवडले आणि कामी लावले. अंशु गुप्ता ह्यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ह्या संस्थेत आलेला कपडा आधी निवडला जातो, दुरुस्त होतो, मगच पुढं जातो. अगदी निकामी सुती कपड्याच्या पाळीच्या घड्याही तिथं शिवतात.

तेव्हा निवडणी आपल्या दारातच करा, घेणाऱ्याच्या दारात नको. फाटकं आलं तर हसून परत करा. बाई दोन दिवस रुसेल, पुढच्या वेळी नीट देईल. प्रत्येक गाठोड्यावर बाहेरून चिठ्ठी टाका: "मुलगी, ८ वर्षं, फ्रॉक ६". गाठोडं सोडून बघण्याची पाळी कुणावर येता कामा नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी विचारा, मग जमवा. आपण उलटं करतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक शाखेनं मध्यवर्तीला दोन याद्या कळवाव्यात, 'आहे' आणि 'हवं'. पूर्वी ह्याला पोस्टकार्ड लागायचं, आता फोनवर दोन मिनिटांचं काम. 'हवं'ची यादी शाखेच्या अध्यक्षीणबाईंनी घरी बसून करायची नाही. वस्तीतल्या बायकांना विचारून करायची. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तशा वेळी पहिले दोन-तीन दिवस चूल पेटत नाही. तेव्हा दशम्या, चटणी, फुटाणे हवेत. धान्य नंतर, चूल आणि गिरणी चालू झाल्यावर. वह्या-दप्तरं त्याही नंतर. आणि पोळ्यांचं पीठ धाडण्याआधी तिथं भाकरी खातात की पोळी, हे तर विचाराल?

आता बीडकर भगिनींसाठी खास. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवरा-बायको निघतात, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. आणि आपली मंडळं थंडी पडली की डिसेंबरात ब्लँकेटं जमवून गावात जातात! गावात असतात म्हातारी माणसं आणि मागं राहिलेली मुलं. त्यांनाही पांघरूण हवंच. पण जी बाई लेकरू कुशीत घेऊन सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडाजवळ कोपीत झोपली आहे, तिचं काय? पहाटे अंधारात ती फडात जाते, लेकरू कोपीत किंवा बांधावर.

इथं शाखा असण्याचा खरा उपयोग आहे. पांघरुणं निघण्याआधी द्या, भाद्रपदातच जमवा. राहून गेलंच, तर कुठल्या गावची किती कुटुंबं कुठल्या कारखान्यावर गेली हे मुकादमाकडून, घरच्यांकडून विचारून ठेवा आणि त्या भागात तुमच्या संस्थेची शाखा असेल तिला यादी पाठवा. बीडची वस्तू तिकडं न्यायचीही गरज नाही. त्यांनी तिथं जमवावं, यादी तुमची. बरोबर बाळाची झबली आणि तिथल्या बाईसाठी पाळीचे कपडेही जाऊ द्या. हे मागायला ती लाजते, म्हणून यादीत येत नाही.

वाटताना रांगेत उभं करून फोटो काढू नका. फारच हवा असेल तर गाठोड्यांचा काढा.

हिशेबाचं थोडक्यात. वहीत तारीख, कुणी दिलं, काय, किती, कुठं गेलं आणि घेणारीची सही किंवा अंगठा, एवढं पुरे. वस्तूंच्या पावतीवर रुपयांचा आकडा घालू नका. देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते ती पैशाच्या देणगीवर, वस्तूंवर नाही. गाठोड्याचं भाडं आतल्या मालाहून जास्त होत असेल, तर ते पाठवण्यात अर्थ नाही. जवळच्या शाखेला द्या. औषधं तर घेऊच नका.

माजलगावच्या गव्हाचं: कडक उन्हात पसरा, चाळा, निवडा. बरा निघाला तर लगेच पोचवा, जाळी झाली असेल तर कोंबड्यांना. पुढच्या वेळी वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरा, आणि महिन्याभरात वाटता येईल तेवढंच धान्य घ्या.

राहिल्या गेवराईच्या साड्या. धडक्या धारूरला गेल्याच. विटलेल्या, विरलेल्या सुती साड्यांच्या वाकळा शिवून घ्या. वस्तीतल्याच बायकांना शिलाई देऊन शिवून घ्या, फुकट नको. एका वाकळेला पाच-सहा साड्या लागतात. नायलॉनच्या मात्र त्यात घालू नका, टाका धरत नाही आणि थंडीत ऊब देत नाहीत. त्यांच्या पिशव्या शिवा, वह्या-पुस्तकं न्यायला मुलांना होतील.