आधी हिमनदी, मग केबिन

अलास्काच्या क्रूझचं माहितीपत्रक हातात आलं की आपण आधी केबिनचं भाडं बघतो. हिमनदी कोणती, हे शेवटी. मी उलटं करेन.

ग्लेशियर बे या खाडीत दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून ते नाव आधी शोधावं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेला तिथे किनाऱ्यात जेमतेम एक खाच दिसली होती, पुढे सगळा बर्फ. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोहोचले, तोवर तो ६० किलोमीटरहून जास्त मागे हटला होता.

हबर्ड हिमनदीची तऱ्हा वेगळी. ती चक्क पुढे सरकते आहे; १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्ड या खाडीचं तोंडच बुजवलं होतं. माझं मत हबर्डला. मात्र तरंगते हिमखंड फार असले तर कप्तान जहाज लांबच थांबवतो. दुर्बीण न्याच.