जप्तीची पावती कुठे आहे?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शहरात परवा अतिक्रमण हटाव पथक फिरले. एका भाजीवाल्या मावशींची मेथी-शेपूची पाटी, काटा आणि वरची ताडपत्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेली. मी शेजारीच उभा होतो. "भाऊ, काटा तरी ठिवा, दुसऱ्याचा हाय," एवढेच त्या म्हणत होत्या. जप्तीची पावती कुणी दिली नाही. त्याच जागेची सकाळची तहबाजारीची, म्हणजे जागा वापराच्या शुल्काची, पावती मात्र त्यांच्या पदराच्या गाठीला होती. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जिल्ह्यात दुसरीकडे काही वेगळे घडते असे मला वाटत नाही.

रस्ता मोकळा हवाच. बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिका अडकते, शाळेच्या पोरांना चालायला जागा उरत नाही, ही तक्रार खरी आहे. मात्र नालीवर बांधलेल्या पायऱ्या आणि पुढे ओढलेली पत्र्याची शेडही त्याच रस्त्यावर आहेत आणि पथक त्यांच्यासमोरून सरळ निघून गेले, हेही तितकेच खरे.

नगर परिषदेत विचारले की एकच उत्तर मिळते : १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाने आम्हाला रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार दिला आहे. अधिकार आहे, मान्य. पण संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो १ मे २०१४ ला लागू झाला, आणि जिथे दोन कायद्यांत विसंगती असेल तिथे हाच वरचढ राहील असे त्यातच लिहिले आहे. जुने कलम वाचायचे आणि नवे बाजूला ठेवायचे, हा कायद्याचा अर्थ लावणे नव्हे.

हा कायदा सांगतो काय? आधी सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्रे द्या; ते होईपर्यंत कुणाला उठवू नका. उठवायचेच असेल तर ३० दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याच्या हातात द्या. मालकाने मागणी करून शुल्क भरले की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत परत करा. मेथीची जुडी दुपारपर्यंत माना टाकते, हे कायदा लिहिणाऱ्याला कळले होते. पण हातात यादीच नसेल तर मावशींनी मागणी कशाच्या आधारावर करायची?

शिवाय याच कायद्याखाली नेमायच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला, अशी तरतूद आहे. कुठे बसायचे, कुठे अजिबात बसायचे नाही, हे या समितीचे मत घेऊन ठरवायचे असते. दुकानदार आणि पादचारी यांचे म्हणणेही तिथेच मांडता येते. मी ज्या सात-आठ विक्रेत्यांना विचारले, त्यांतल्या एकालाही या समितीची निवडणूक झाल्याचे आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, तेव्हा हातगाडीवाल्यांना १० हजारांच्या कर्जासाठी 'हा पथविक्रेता आहे' अशी शिफारसपत्रे नगरपालिकांनीच दिली. बँकेच्या दारात जो पथविक्रेता, तो बाजाराच्या रस्त्यावर अतिक्रमणधारक कसा होतो? त्याच जागेवरून तहबाजारी घ्यायची आणि त्याच जागेवरून त्याला उचलायचे, याला कायद्यात कुठला आधार आहे ते मुख्याधिकाऱ्यांनी लेखी सांगावे.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक नगर परिषदेने आणि नगर पंचायतीने सर्वेक्षणाची यादी, समिती सदस्यांची नावे आणि ना-फेरीवाला क्षेत्रांचा नकाशा कार्यालयाच्या फलकावर लावावा. पथकासोबत पावतीपुस्तक असल्याशिवाय ट्रॉली बाहेर काढू नये. आणि परवा उचललेला काटा परत द्यावा.

— एक वाचक, जि. हिंगोली